तळ्यातला रोहू अंडी का घालत नाही?

मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला, ओढ्यांना गढूळ लोंढा आला, की कोकणात माणसं बत्त्या आणि जाळी घेऊन रात्रीच्या रात्री शेतांकडे निघतात. नदीतले मासे तेव्हा पाण्याच्या उलट दिशेने चढत भातखाचरांत, गवताळ पाणथळीत शिरत असतात. कुठे याला वलगण म्हणतात, कुठे नुसतं चढणीचे मासे. जवळपास प्रत्येक मादीचं पोट गाभोळीने भरलेलं असतं. वर्षभर डोहात दबा धरून राहणारा मासा जिवावर उदार होऊन वीतभर पाण्यात येतो तो अंडी घालायला. नव्याने बुडालेल्या जमिनीवर मोठे भक्षक कमी असतात आणि दोन-चार दिवसांत तिथे पिल्लांना पुरेल इतकं सूक्ष्म खाद्य तयार होतं.

रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मोठे मासेही असेच वागतात. पावसाळ्यात नदी पात्र सोडून पसरली की काठच्या उथळ पाण्यात नर-माद्या जमतात आणि काही तासांत लाखो अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. पण हेच मासे तळ्यात सोडले तर वेगळंच घडतं. ते वाढतात उत्तम. दोन-तीन वर्षांत वयात येतात. मेअखेर मादीचं पोट हाताला मऊ लागेल इतकं फुगतं. नराचं पोट जरा दाबलं की दुधासारखं वीर्य बाहेर येतं. मग पाऊस येतो, तळं तुडुंब भरतं आणि काहीच होत नाही. पावसाळा संपता संपता मादीच्या पोटातली अंडी तिथेच विरघळतात आणि शरीरात शोषली जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार.

आपल्या बाजारात येणारा रोहू किंवा कटला बहुतेक वेळा अशा आईच्या पोटी आलेला असतो, जिला पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी शेपटीच्या वरच्या मांसात इंजेक्शन दिलेलं होतं. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव असोत, उजनीसारखं धरण असो की एखाद्या शेतकऱ्याचं शेततळं, तिथे सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, या एका सुईपासून सुरू होते. त्या सुईबद्दल मात्र दोन समज घट्ट बसले आहेत. एक, की हार्मोन देऊन माशाकडून जबरदस्तीने अंडी ‘तयार करून’ घेतात. दुसरा, की त्यामुळे तो मासा खायला अपायकारक होतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. पहिला तर मत्स्यबीज तयार करणाऱ्यांतही आढळतो आणि त्याचं नुकसान आज सगळ्यांनाच सोसावं लागतं आहे.

माशाच्या मादीत अंडं तयार होणं हे महिनोन्‌महिने चालणारं काम आहे. हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला, पाणी तापू लागलं, की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पीयूष ग्रंथीला निरोप पाठवतो. पीयूष ग्रंथी रक्तात गोनॅडोट्रोपिन नावाची हार्मोन्स सोडते. ती अंडाशयाला जाऊन मिळतात, अंडाशयातून इस्ट्रोजेन स्रवतं, ते यकृतापर्यंत पोचतं आणि यकृत व्हिटेलोजेनिन हे प्रथिन बनवू लागतं. हेच प्रथिन रक्तातून अंड्यात जाऊन त्याचं बलक होतं. म्हणजे गाभोळीतला मोठा ऐवज आधी यकृतात घडतो, आणि यकृताला तो घडवता यावा म्हणून मादीला कित्येक महिने चांगलं खायला मिळावं लागतं.

बलक पुरेपूर भरलं की अंडं थांबतं. त्याचं केंद्रक मधोमध असतं आणि अशा अवस्थेत ते काही आठवडे वाट पाहू शकतं. आता हवा असतो शेवटचा निरोप. पूर, गार नवं पाणी, प्रवाह, ढगाळ हवा आणि आसपास जमलेले इतर मासे यांची एकत्र जाणीव झाली की पीयूष ग्रंथीतून एलएच या गोनॅडोट्रोपिनचा एकदम मोठा लोट रक्तात येतो. त्याच्या प्रभावाने अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एक वेगळं स्टेरॉइड बनवतात. जपानमधल्या योशिताका नागाहामा यांनी १९८५ साली ते अमागो सामन माशात ओळखलं. या स्टेरॉइडमुळे केंद्रक कडेला सरकतं, त्याचं आवरण फुटतं, अंडं पाणी शोषून मोठं होतं आणि अंडाशयाच्या पडद्यातून सुटतं. हे सगळं काही तासांत उरकतं. तळ्यातल्या रोहूत अडतं ते फक्त इथे. बाकी सगळं मादीने व्यवस्थित केलेलं असतं.

ही गोष्ट कळण्याआधी मत्स्यशेती नदीच्या भरवशावर चालत होती. बंगाल, बिहारात पावसाळ्यात गंगेच्या काठाने नरसाळ्यासारख्या आकाराची जाळी लावून पुराच्या पाण्याबरोबर वाहत येणारी जेमतेम काही दिवसांची पिल्लं धरत. ती मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने लांब लांब पाठवत. वाटेत पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून सोबतचा माणूस हंडी सतत हलवत बसे. या वयाची पिल्लं डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. रोहू म्हणून घेतलेल्या हंडीत किरकोळ मासे निघत आणि कधी इतर पिल्लांना गिळणारे शिकारी मासेही निघत. ते कळेपर्यंत तळ्यातला हंगाम गेलेला असे. बंगालच्या पश्चिम भागात, मेदिनीपूर आणि बांकुडा जिल्ह्यांत, यावर एक जुना तोडगा होता. उताराच्या जमिनीवर बांध घालून पावसाचं वाहतं पाणी त्यात घेत आणि पिकलेले मासे तिथे सोडत. पुराचा भास झाला की ते अंडी घालत. माणसांनी निरीक्षणातून घडवलेली ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण माशाला तळं नको असतं असं नाही, त्याला पुराची खूण हवी असते, हे त्यांनी प्रयोगशाळेच्या आधी ओळखलं होतं. पण पाऊस मनासारखा झाला तरच बांध कामाला येई.

पीयूष ग्रंथीची वाट सापडली ती दक्षिण अमेरिकेत. अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हुसे यांनी १९३० साली पिल्लांना जन्म देणाऱ्या एका छोट्या माशाला दुसऱ्या माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला तेव्हा त्या मादीला वेळेआधीच पिल्लं झाली. याच हुसेंना पुढे १९४७ साली पीयूष ग्रंथी आणि साखरेच्या चयापचयाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३०च्या दशकात ही कल्पना नदीतल्या खाद्य माशांवर वापरून अंडी मिळवली. सोव्हिएत रशियात गेर्बिल्स्की यांनी स्टर्जनवर हेच केलं. आपल्या उपखंडात लाहोरच्या हमीद खान यांनी १९३८च्या सुमाराला सस्तन प्राण्यांच्या ग्रंथीचा अर्क मृगळ माशावर वापरून पाहिला. पण या प्रयत्नांतून शेतकऱ्याच्या हाती येईल अशी पद्धत तयार झाली नाही.

ती तयार केली हिरालाल चौधुरी यांनी. १९२१ साली सिल्हेट भागात जन्मलेले चौधुरी केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेत काम करत होते. १९५५ साली त्यांनी एसोमस या बोटाएवढ्या माशाला कटल्याच्या पीयूष ग्रंथीचा अर्क देऊन अंडी घालायला लावली. मासा छोटा होता, पण त्यातून महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली: गाय-बैलांच्या नव्हे, माशाच्याच, आणि शक्यतो त्याच कुळातल्या माशाच्या ग्रंथीचा अर्क नेमका लागू पडतो. त्यानंतर १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे बंदिस्त पाण्यात ठेवलेल्या मोठ्या कार्प माशांनी इंजेक्शननंतर अंडी घातली. के. एच. अलीकुन्ही या कामात त्यांच्याबरोबर होते. दोघांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये छोटा लेख लिहून ते जाहीर केलं. अंगुलच्या त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा आपल्याकडे राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, चीनच्या क्वांगतुंग प्रांतात चोंग लिन यांनी सिल्व्हर कार्प आणि बिगहेड कार्प माशांवर हेच यश मिळवलं. १९६२ साली अलीकुन्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळच्या चिनी गवत्या आणि सिल्व्हर कार्प माशांचं भारतातही याच मार्गाने प्रजनन करून दाखवलं. आजची सहा जातींची मिश्र मत्स्यशेती या सगळ्यांमुळे शक्य झाली.

हिरालाल चौधुरी २०१४ साली गेले. आपल्या ताटातल्या प्रथिनांत या माणसाचा केवढा वाटा आहे, हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीचं औषध म्हणजे खरोखरची ग्रंथी. पिकलेल्या माशाच्या मेंदूखाली, कवटीच्या तळाच्या एका खोबणीत ती बसलेली असते. वजन काही मिलिग्रॅम. बंगालच्या बाजारात माशाचं डोकं चवीने खाल्लं जातं, म्हणून ग्रंथी गोळा करणारे डोकं न फोडता मानेकडच्या भोकातून चिमट्याने ती ओढून काढत. मग निर्जल अल्कोहोल भरलेल्या गडद रंगाच्या बाटलीत ती साठवत. वापरताना तोलून, खलात घोटून, पाण्यात किंवा सौम्य मिठाच्या द्रावणात मिसळून वरचं निवळ घेत. मादीला पहिली मात्रा किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम, सहा तासांनी दुसरी पाच ते आठ मिलिग्रॅम, आणि तेव्हाच नराला एकदा. मोठ्या मादीला कित्येक माशांची डोकी लागत. शिवाय कोणती ग्रंथी किती ताकदीची, हे काही तिच्यावर लिहिलेलं नसे. मासा कच्चा असताना काढलेली असेल, शिळी असेल, अल्कोहोलमध्ये पाणी गेलेलं असेल, तर सगळी मेहनत वाया. गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळणारं एचसीजी हे संप्रेरक काही जातींत एलएचच्या जागी चालतं. सिल्व्हर कार्पसाठी ते वापरलंही गेलं. पण रोहू-कटल्यात एकट्या एचसीजीवर भिस्त ठेवता आली नाही.

ग्रंथीऐवजी ग्रंथीला मिळणारा निरोपच बनवता आला तर? १९७१ साली अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांच्या आणि रॉजर गियेमाँ यांच्या गटाने मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून तो निरोप्या रेणू वेगळा केला. त्याचं नाव जीएनआरएच. अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. १९७७ च्या नोबेलमध्ये या दोघांना या प्रकारच्या कामासाठीच वाटा मिळाला. इतकी लहान साखळी कारखान्यात जोडता येते आणि प्रत्येक बाटलीत तिची मात्रा सारखी ठेवता येते. १९८३ साली सामन माशातल्या जीएनआरएचची रचना कळली. सस्तन प्राण्यांपेक्षा ती फक्त दोन अमिनो आम्लांनी वेगळी निघाली. नैसर्गिक रेणू रक्तात काही मिनिटांत तुटतो, म्हणून त्यातली एक-दोन अमिनो आम्लं बदलून टिकाऊ रूप तयार केलं गेलं.

पण कार्प माशांना ते एकटं देऊन भागेना. कुठे मासे अंडी घालत, कुठे घालत नसत, आणि कारण कळत नव्हतं. उत्तर मिळालं कॅनडात. अल्बर्टा विद्यापीठातल्या रिचर्ड पीटर यांना सोनमाशाच्या मेंदूवर काम करताना दिसलं की, मेंदूतला एक विशिष्ट भाग निकामी केला की पीयूष ग्रंथीतून गोनॅडोट्रोपिन आपोआप वाहू लागतं. म्हणजे मेंदू ग्रंथीला फक्त ‘सोड’ म्हणत नव्हता, तो तिला सतत ‘थांब’ही म्हणत होता. हा थांबवणारा निरोप डोपामाइनचा आहे, हे पुढे स्पष्ट झालं. दाराला आतून कडी असताना बाहेरून कितीही ढकललं तरी ते उघडत नाही. तळ्यातल्या कार्पच्या मेंदूत डोपामाइनची ही कडी लागलेलीच असते. नदीत पूर येतो तेव्हा ती सैल होते.

मग पीटर आणि चीनमधल्या क्वांगचौचे लिन हाओरान यांनी दोन्ही कामं एका इंजेक्शनात आणली: एक जीएनआरएचचं टिकाऊ रूप आणि दुसरं डोपामाइनला अडवणारं औषध. ही पद्धत दोघांच्या आडनावांवरून लिनपे म्हणून ओळखली जाते. डोपामाइन अडवण्यासाठी निवडलेलं औषध आपल्यातल्या पुष्कळांनी घेतलेलं असतं. उलटी-मळमळीवर डॉक्टर डॉम्पेरिडोनची गोळी देतात, तेच हे. ते रक्तातून मेंदूच्या आत सहसा शिरत नाही, पण पीयूष ग्रंथीपर्यंत पोचतं, आणि इथे तेवढंच हवं असतं. कॅनडात तयार झालेलं ओवाप्रिम हे यातलं प्रसिद्ध औषध. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम जीएनआरएच आणि १० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असतं. पुढे भारतातही अशी औषधं बनू लागली. त्यातलं ओवाटाइड हे मुंबईच्या हेमो फार्मा या कंपनीचं. ग्रंथींच्या बाटल्या, खल, तराजू हे सारं मागे पडलं आणि दोनऐवजी एकाच इंजेक्शनावर काम होऊ लागलं.

हॅचरीवर, म्हणजे मत्स्यबीज तयार करण्याच्या केंद्रावर, हे काम संध्याकाळी सुरू होतं. दुपारी निवडलेले प्रजनक मासे टाकीत ठेवलेले असतात. नर ओळखायचा तो छातीच्या परावरून हात फिरवून. हंगामात तो खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मादीचं पोट दोन्ही बाजूंनी गोल आणि मऊ हवं, गुदद्वार जरा सुजलेलं आणि लालसर हवं. जाळ्यात गुंडाळून एकाने मासा धरायचा, दुसऱ्याने शेपटीच्या वर, पार्श्वरेषा टाळून, खवल्याखालून सुई घालायची. कटल्याच्या मादीला किलोमागे साधारण ०.४ ते ०.५ मिलिलिटर, रोहूला ०.३ ते ०.४, मृगळाला त्याहून थोडं कमी, नरांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग सगळ्यांना गोल सिमेंटच्या हौदात सोडतात. आपल्याकडे १९८०च्या दशकापासून रुळलेल्या या चिनी पद्धतीच्या हौदात नळांची तोंडं तिरकी असतात, त्यामुळे पाणी गोल फिरत राहतं. वरून फवारा पडत असतो. हार्मोन दिल्यावरही वाहतं, गार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतंच, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. पाण्याचं तापमान २७ ते २९ अंशांच्या आसपास असावं लागतं. जून कोरडा गेला आणि पाणी तापलेलंच राहिलं, तर औषध तेच असूनही निकाल बिघडतो.

मध्यरात्रीनंतर हौदात खळबळ सुरू होते. नर मादीच्या मागे लागतात, तिच्या पोटाला धडका देतात, पाणी उसळतं. औषध दिल्यापासून आठ ते चौदा तासांत अंडी पडतात. एक किलो वजनाच्या रोहू मादीमागे दोन लाखांच्या वर. अंडी चिकट नसतात. पाण्यात पडली की फुगून चार-पाच मिलिमीटरची होतात आणि प्रवाहाबरोबर फिरत राहतात. ती दुसऱ्या गोल हौदात जातात. चौदा ते वीस तासांत आतली हलणारी रेघ कवच फोडून बाहेर येते. तीन दिवस ती पोटाच्या पिशवीतल्या बलकावर जगते, म्हणजे आईच्या यकृताने मार्च-एप्रिलमध्ये घडवलेल्या ऐवजावर. मग तिला मत्स्यजिरे म्हणतात आणि लाखांच्या हिशोबाने विकतात. पुढे संगोपन तळ्यात दोन-तीन महिन्यांत तिची बोटुकली होते.

आता खाण्याच्या भीतीबद्दल. पाच किलोच्या कटला मादीला ज्या मात्रेत औषध देतात त्यात जीएनआरएच सुमारे ५० मायक्रोग्रॅम भरतं, म्हणजे ग्रॅमच्या लाखाव्या भागाच्या पाचपट. ते प्रथिनासारखं असल्याने काही तासांत तुटतं आणि कुणाच्या पोटात गेलंच तर पचून जातं. मुख्य म्हणजे इंजेक्शन मिळतं ते आई-बापांना. बाजारात येतो तो त्यांच्या पिल्लांतून वर्षभराने वाढलेला मासा, आणि त्याला औषध कधी दिलेलंच नसतं. तिलापियाच्या पिल्लांना सगळे नर व्हावेत म्हणून खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन देतात, ते वेगळं. त्यावर स्वतंत्रपणे प्रश्न विचारायला हवेत. दोन्ही गोष्टी ‘हार्मोनचे मासे’ या एका शब्दप्रयोगात कोंबल्या की कशाचीच नीट चर्चा होत नाही.

मला खरी काळजी आहे ती पहिल्या गैरसमजाची. सुईने अंडी तयार होतात असं मानलं की प्रजनक माशांकडे दुर्लक्ष होतं. मग जानेवारी ते मे त्यांना कोंदट तळ्यात, शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा यांच्या अपुऱ्या खाद्यावर ठेवलं जातं आणि जूनमध्ये औषधाची मात्रा वाढवली जाते. कच्च्या मादीला कितीही औषध दिलं तरी केंद्रक मधोमधच राहतं. अंडी आली तरी पांढरी पडतात, फळत नाहीत. उशीर झालेल्या मादीचंही तसंच. औषध फक्त तयार मादीला लागू पडतं, आणि मादी तयार करायला नर-माद्या वेगळ्या ठेवून, विरळ संख्येत, चांगलं प्रथिन देऊन पाच महिने सांभाळावं लागतं. हा खर्च दिसत नाही, बाटलीची किंमत दिसते.

याहून खोल नुकसान पिढ्यांमध्ये होतं. एका मादीपासून लाखो पिल्लं मिळतात, त्यामुळे हॅचरीचं काम थोड्याच जोड्यांवर भागतं. त्यांच्याच पिल्लांतून पुढचे प्रजनक ठेवले जातात. नदीतून नवे मासे आणणं कष्टाचं असतं, म्हणून टळतं. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा एकनाथ आणि डॉयल यांनी केलेला अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात दर पिढीला सगोत्र प्रजननाचं प्रमाण हॅचरीगणिक २ ते १७ टक्क्यांपर्यंत वाढत असल्याचा अंदाज निघाला होता. सतरा टक्के म्हणजे जवळजवळ भावंडांचं लग्न लावल्यासारखंच. वाढ मंदावणं, रोगाला लवकर बळी पडणं, मरतुक वाढणं हे त्याचे परिणाम. शेतकरी मात्र खाद्याला नाहीतर पाण्याला दोष देत राहतो. त्यात आणखी एक सवय: एकाच हौदात रोहू, कटला, मृगळ तिघांनाही एकदम सोडायचं. अंडी-वीर्य पाण्यात मिसळतं, आणि कटला-रोहूचे संकर तयार होतात. ते पुन्हा अंडी घालू शकतात. पुरात तळं फुटलं की हे मासे नदीत जातात, जिथून मूळ जात पुन्हा आणायची सोय होती.

योग्य वापर केला तर हीच सुई उलटं कामही करते. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोडेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांबरोबर १९९२ पासून रोहूची निवडपैदास सुरू केली. वेगवेगळ्या नद्यांतले रोहू आणले, प्रत्येक कुटुंबाची पिल्लं वेगळी ओळखता येतील अशी खूण केली आणि चांगली वाढणारी कुटुंबं पुढे नेली. प्रत्येक नर-मादीची जोडी ठरलेल्या दिवशी जुळवता येणं इंजेक्शनाशिवाय अशक्यच होतं. १९९७ साली, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, त्यातून ‘जयंती’ रोहू बाहेर पडला. दर पिढीला त्याची वाढ सुमारे १७ टक्क्यांनी सुधारत गेली. बोटुकली घेणाऱ्याने हॅचरीवाल्याला विचारावेत असे प्रश्न यातूनच कळतात: प्रजनक कुठून आणलेत, किती जोड्या वापरता, शेवटचे नवे मासे कधी आणले, आणि जाती वेगवेगळ्या हौदांत ठेवता का.

रायगडात खाजण-तळ्यांत भरतीबरोबर आत आलेला जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. त्याचंही बीज खाडीच्या कृपेवर अवलंबून असे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारेपाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जीएनआरएचच्या रूपाचाच वापर करून त्याचं बंदिस्त प्रजनन साधलं. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे मादी हवी तर मासा वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो. इथेही इंजेक्शनाआधीचं सांभाळणं हेच अवघड काम.

आणि शेवटी महाशीर. दख्खनचा महाशीर शास्त्राला ठाऊक झाला तो कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून मिळवलेल्या माशांवरून, १८३९ साली. धरणं झाली, मासे कमी झाले, तेव्हा लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या वीजकंपनीने १९७०च्या दशकात त्याची पैदास सुरू केली. महाराष्ट्राचे निवृत्त मत्स्यसंचालक चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्यानंतर ओगले यांनी त्यात आयुष्य घातलं. पिकलेल्या मादीचं पोट हळुवार दाबून अंडी काढायची, त्यांवर नराचं वीर्य मिसळायचं, ही पद्धत त्यांनी बसवली, आणि हार्मोनचा उपयोगही करून पाहिला. महाशीर एका दमात सगळी अंडी देत नाही, अंडी मोठी आणि थोडी असतात, त्यामुळे हे काम रोहूपेक्षा फार नाजूक. त्या चिकाटीमुळे दख्खनचा महाशीर वाचायला मोठा हातभार लागला.

इथली बोटुकली देशात अनेक ठिकाणी गेली. तशी ती कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीत स्वतःचा एक महाशीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंपर्यंत जाणारा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशिरांपैकी एक. लोणावळ्याहून आलेला मासा तिथे चांगलाच रुजला. गळाने मासे धरणाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्यावर संशोधकांना दिसलं की एकाची संख्या वाढत गेली आणि दुसऱ्याची कोसळत गेली. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणंही होतीच, तरी बाहेरून सोडलेल्या माशाचा त्यातला वाटा त्यांनी स्पष्टपणे मांडला. त्या कुबडवाल्या महाशिराचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचं २०१८ साली निश्चित झालं, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या जातींच्या यादीत गेला. आज तो प्रामुख्याने मोयार नदीच्या परिसरात उरला आहे. त्याची पैदास करायची ठरवली तर औषध बाजारात मिळतं आणि पद्धत माहीत आहे. पण तिला लागणाऱ्या पिकलेल्या नर-माद्या मोयारमधल्या त्याच मोजक्या माशांतून पकडून आणाव्या लागतील, आणि त्या धरताना, नेताना दगावल्या तर त्यांच्या जागी आणायला दुसऱ्या नदीत फारसं काही राहिलेलं नाही.